सव्वा किलो की अडीच किलो

पंधरा दिवस मी दोन लॅपटॉपांच्या मध्ये अडकले होते, आणि त्या पंधरा दिवसांत घरात कुणाशी धड बोलले नाही. एक सव्वा किलोचा, पातळ, दिवसभर चार्जिंगशिवाय चालणारा. दुसरा अडीच किलोचा, वर विटेएवढा चार्जर वेगळा, पण माझं तासाभराचं काम दहा मिनिटांत उरकणारा. माझं काम म्हणजे लोकांच्या नव्या फ्लॅटमधली स्वयंपाकघरं सुतार हात लावायच्या आधी पडद्यावर उभी करून दाखवायची. कप्पे, ओटा, टाइल्स, खिडकीतून येणारं खोटं ऊन. शेवटचं चित्र तयार व्हायला जुना लॅपटॉप इतका वेळ घ्यायचा की मी भात लावून, जेवून, भांडी घासून यायची, तरी तो चाळीस टक्क्यांवर धापा टाकत असायचा.

मग घ्यावा ना सरळ ताकदीचा! पण मध्ये मंगळवार आणि शुक्रवार यायचे. आठवड्यातले हे दोन दिवस मी बोळिंजहून स्कूटरने कळंबला जायची, बाबाकडे. आई वर्षापूर्वी गेली, त्याआधीच होडी विकलेली, आणि बाबाचे गुडघे बोलायला लागलेले. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर येऊन राहा म्हटलं की तो म्हणायचा, "तिथं मी करू काय? गॅलरीतनं गाड्या मोजू?" म्हणून मीच जायची, लॅपटॉप घेऊन, आणि ओटीवर बसून काम करायची. त्याला सोबत होते आणि माझंही काम होतं, यावर मी मनातून फार खूश होते.

जड यंत्र घेतलं की ते टेबलावर बसणार, आणि त्याच्यापुढे मी. मग कळंबचं काय? हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरी मी ते सोडून प्रोसेसर, रॅम आणि पंख्याच्या आवाजाचे व्हिडिओ बघत बसले. सकाळी हलका नक्की व्हायचा, दुपारी जड. संध्याकाळी मला दोघांचाही राग यायचा. नवरा वैतागून म्हणाला, "अगं, एक कुठला तरी घे आणि आम्हाला सोडव." त्याच्याशी मी दोन दिवस भांडले. तो बरोबर बोलत होता म्हणून जास्तच.

तुळिंजच्या दुकानात मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा मला बघून दुकानदाराने न विचारता दोन्ही काउंटरवर काढून ठेवले. "मॅडम, आज तरी फायनल?" मी दोन हातांत दोन लॅपटॉप तोलत उभी राहिले. आमच्या बायका सुरमई घेताना असंच करतात, पण तिथे जड तीच घ्यायची हे आधीच ठरलेलं असतं. इथे काहीच ठरेना. मी दोन्ही खाली ठेवले आणि चक्क पळून आले.

त्या मंगळवारी बाबाला सगळं सांगितलं. त्याला लॅपटॉपमधलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी एकदा मोठा इंजिन बसवलेला होडीला. लय पलायची. पन जड झाली. वालूवर वर ओढायला चार मानसं लागायची. रोज चार मानसं कुठनं आनू?"

"पण मासळी जास्त मिळायची ना?" मी विचारलं.

"मिलायची," तो म्हणाला.

मला तेवढंच ऐकायचं होतं. दोनच दिवसांनी मला कामं देणाऱ्या फर्निचरवाल्या साहेबांचा मेसेज आला, उद्या सकाळपर्यंत तीन डिझाइनं हवीत म्हणून, आणि मी तिरीमिरीत जाऊन अडीच किलोवाला उचलला. आठवड्यातून दोनदा खांद्याला लावायचा, त्यात काय मोठं!

पहिल्या मंगळवारी खांदा दुखला, तरी मी कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी मात्र पार फजिती झाली. शुक्रवारी कळंबला दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद असते. त्या गावात जन्मलेली, वाढलेली मी, आणि हे विसरले. जुन्याची बॅटरी तीन तास काढायची, म्हणून कधी फरक पडला नव्हता. नव्याने तासाभरात मान टाकली. बाबा पंख्याविना घामाघूम होऊन बोंबील निवडत होता. "लाइट आली की येते परत," म्हणून मी निघाले. गेले नाही. पुढच्या शुक्रवारी निघालेच नाही. मग मंगळवारही एकाआड एक झाला, मग फोनवर आला. "काम फार आहे रे," मी म्हणायची. "कर, कर," तो म्हणायचा. फोन ठेवला की माझं कशातच मन लागायचं नाही. स्वयंपाकघरं मात्र दहा-दहा मिनिटांत तयार होत होती.

मग एका मंगळवारी सकाळी बेल वाजली. दारात बाबा. बस, मग रिक्षा, मग तीन जिने, तेही त्या गुडघ्यांनी. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. मला इतका आनंद झाला की मी त्याला माझ्या टेबलाशेजारीच खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हटलं, "बस हां, हे एवढं पाठवते." साहेबांना ओट्याचा रंग बदलून हवा होता. मग टाइल्स बदलायच्या होत्या. मग पहिलाच रंग बरा होता. मी मान वर केली तेव्हा बाबा पायात चपला घालत होता.

"अरे, बस ना! झालंच, दोन मिनिटं."

"कललं," तो म्हणाला. "कलंबला पन तू हेच बोलायचीस." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ओटीवर बसून मी वाट बघायचो, आता ते मिटशील, मग बोलशील. तू मिटायचीस तवा तुझी जायची येल झालेली असायची."

आई गेल्यापासून वर्षभर, आठवड्यातून दोन दिवस, मी हातभर अंतरावर बसले होते आणि तो माझ्या येण्याची वाट बघत होता.