तेवीस सेंटिमीटर

देवजीदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणूत पिठाच्या गिरणीवर रांगेत उभा होतो. "झोपेतच गेला," त्याचा भाऊ म्हणाला. माझा नंबर आला, दळण घेतलं, घरी आलो, डबा जागेवर ठेवला... आणि मग खाली बसलो. त्याला आता पाच आठवडे झाले.

देवजी गंजाडचा. चारोटीला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. छपराचा भार पेलणारे लोखंडी तिकोनी सांगाडे, म्हणजे कैच्या, तो बनवायचा. मी शाळामास्तर. २०१४ साली माझ्या घराचं छप्पर त्यानं केलं, तेव्हापासूनची ओळख. आकड्यांचं वेड मला, म्हणून लेझरचं मापयंत्र मीच घेतलं. मुठीत मावणारं, बटण दाबलं की समोर लाल ठिपका पडतो आणि अंतर मिलिमीटरपर्यंत दिसतं. रविवारी मी त्याच्याबरोबर मापं घ्यायला जायचो. "गुरुजी, तुमचा ठिपका लांबूनच बघतो. माझी फीत भिंतीला हात लावून येते," असं म्हणायचा. पण यंत्राचा नियमही त्यानंच घालून दिला: समोरच्या भिंतीला पुठ्ठा टेकवून ठिपका त्याच्यावर पाडायचा, आणि एका टोकाकडून घेतलेलं माप दुसऱ्या टोकाकडून पुन्हा घ्यायचं.

२०१९ च्या सुरुवातीला भूकंपाचे धक्के चालूच होते. उधव्याच्या एका कुटुंबाला जड कौलं उतरवून पत्रे घालायचे होते. तोवर घरातली माणसं अंगणात झोपत होती. देवजीला ताप होता, म्हणून मापाला मी एकटा गेलो. भिंती कुडाच्या, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या. समोरच्या भिंतीशी कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला कशाला उठवा, म्हणून मी पुठ्ठा धरला नाही, पलीकडून मोजलंही नाही. एकाच जागी उभा राहून तीनदा बटण दाबलं. तिन्ही वेळा पाच मीटर त्रेचाळीस. तीनदा तेच आलं म्हणजे बरोबरच, असं मी धरून चाललो.

कैच्या टेम्पोनं गेल्या, वर चढवल्या आणि बसेनात. धक्क्यांनी लिंपण पडून कुडाला फट पडली होती. ठिपका तिच्यातून बाहेर जाऊन लाकडांच्या ढिगावर पडला होता. तेवीस सेंटिमीटर जास्त. सगळा पाडा बघायला जमलेला. घरमालक म्हणाला, "काय दादा, घर वाढवून मोजलंस काय?"

"चुकलं माप. करून देतो," देवजी म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मी गप्प राहिलो.

कैच्या चारोटीला परत गेल्या. ती माणसं आणखी तीन रात्री अंगणात झोपली. पुढे कुणीही नवं काम सांगताना देवजीला टोचायचं, "उधव्यासारखं नको हं." तो हसायचा. सांगू, सांगू म्हणत माझे महिने गेले.

दहाव्याला गंजाडला गेलो. ओटीवर कुणीतरी म्हणालं, "सगळ्या जन्मात एकच माप चुकलं बिचाऱ्याचं."

"ते माझं होतं," मी म्हणालो.

भिंतीशी बसलेल्या जमनावहिनींनी, त्याच्या बायकोनं, मान वर केली.

"ठाऊक आहे गुरुजी. उधव्याहून कैच्या परत आणल्या त्याच संध्याकाळी मला बोलले होते. म्हणाले, आपण कुणाला सांगायचं नाही, गुरुजी स्वतः सांगतील. दर रविवारी तुम्ही लांबून येताना दिसलात की मला ओटीवरून उठवायचे. म्हणायचे, तू आत जा, आज बोलतील."