माझ्या ‘पण’ची दोरी

तलावात गाळ कोणी आणून टाकत नाही, तरी दरवर्षी वीतभर साठतोच. किस्स्यांचंही तसंच. आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, इतके साठलेत की थोडे उपसावेत म्हणतो. ते लिहिण्याजोगे आहेत का, याची मला खात्री नाही. पण मला खात्री कशाचीच नसते!

चंद्रपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून, डॉक्टरेट वगैरे पदरात पाडून मी रिटायर झालो आणि गावी परतलो. सकाळी पाळीवर मासेमार संस्थेची माणसं जाळी दुरुस्त करत बसतात, त्यांच्यात जाऊन बसू लागलो. यंदा तिथं एकच विषय होता. संस्थेनं तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली होती आणि पाणकावळे ती मटकावत होते. असंच चाललं तर उन्हाळ्यात जाळं रिकामं येणार!

*

पाळीवरचा नियम असा : हात जाळ्यात असेपर्यंत मनात येईल ते बोलायचं आणि कोणी कोणाचं तोडायचं नाही. पहिल्याच दिवशी मी तीनदा म्हणालो, “पण...”

संस्थेच्या प्रमुख शेवंताबाईंनी जुन्या जाळ्याची हातभर दोरी कापली, टोकाला गाठ मारली आणि गाठीत लाल लुगड्याची चिंधी बांधली.

“हे काय?”

“तुमचा ‘पण’, सर. बोलाले मनाई नाई. एका ‘पण’ले एक हात दोरी, पहिलीले जोडत जाऊ.”

त्या दिवशी उठेपर्यंत दोरी अकरा हात झाली!

*

गोमाभाऊ सत्तरीचे. दर शुक्रवारी ते तलावाला उलटा फेरा मारतात. मी विचारलं, “काऊन हो भाऊ?”

“रोजच्या बाजूनं गेलो का रोजचंच दिसते.”

अशाच एका शुक्रवारी त्यांना दिसलं, की पाणकावळे सगळ्या तलावावर दिसत असले तरी मासे धरायला उतरतात फक्त सांडव्याजवळच्या उथळ कोपऱ्यात. बोटुकली तिथंच गोळा होते.

त्याच तलावाला मीही रोज फेरा मारतो.

“मंग तुमाले कसं नाई दिसलं, सर?”

मी मोबाइलवर पावलं मोजत होतो!

*

मग बुजगावण्याची आयडिया निघाली. शेवंताबाईंनी नवऱ्याचा शर्ट दिला. बांबूला आडवे हात बांधून बुजगावणं कोपऱ्यात उभं केलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर दोन पाणकावळे त्याच्या हातांवर बसून आरामात पंख वाळवताहेत!

“माह्या बुढ्यापेक्षा बरा हाये,” बाई म्हणाल्या. “पाहुण्याले बसाले तरी देते!”

*

मीही रोज सकाळी वहीत तीन कल्पना लिहितो. कुठंतरी वाचलेली सवय. बाईंनी एकदा वही मागितली आणि पानं उलटत गेल्या. सगळ्या ओळींवर रेघ.

“सर, हे लिहाची वही हाये का खोडाची?”

मी म्हणालो, “पण त्यात दम नव्हता हो.”

गोमाभाऊंनी मुकाट्यानं हातभर दोरी कापली.

*

अडलं की ज्याला त्यातलं काही माहीत नाही त्याला विचारायचं, ही बाईंची सवय. एकदा त्यांनी पाणकावळ्यांचं काय करावं ते गोमाभाऊंच्या नव्या सुनेला विचारलं. राजेश्वरी सिरोंच्याकडची. माहेरी तेलुगू, त्यामुळं मराठी जपून बोलायची. तिनं बराच वेळ कोपऱ्याकडं पाहिलं.

“मामाजी, हा पक्षी उडाच्या आधी पाण्यावर धावते ना?”

“धावते.”

“मंग त्याच्या रस्त्यात दोरी बांधा. निघाले जागा नाई दिसली, तं उतरन कशाले?”

बाई माझ्याकडं वळल्या. “सर, हा पक्षी खरंच धावते का?”

“धावतो. चाळीस वर्षं शिकवलंय मी.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“सांगणार होतो, पण...”

आणखी एक हात!

*

दोरी आणायला राजुऱ्याला जावं, असं ठरत होतं. तेवढ्यात गोमाभाऊ संस्थेच्या खोलीत गेले आणि माझी दोरी खांद्यावर घेऊन बाहेर आले. भलतंच वेटोळं होतं. मला माझीच लाज वाटली.

एक टोक सांडव्याकडच्या बांबूला बांधलं. दुसरं टोक घेऊन भाऊ डोंग्यातून, आमच्या लाकडी होडीतून, निघाले. पाण्यावर हातहातभर अंतरानं लाल चिंध्या फडफडू लागल्या. पाणकावळ्यांचा थवा आला, वर दोन घिरट्या घातल्या आणि निम्मे तलावाच्या खोल भागाकडं निघून गेले. उरलेले मात्र दोरी पोचली नव्हती तिथल्या मोकळ्या पाण्यावर घिरट्या घालत राहिले.

पलीकडून भाऊ ओरडले, “बाई, वीस हात कमी पडून राह्यली!”

शेवंताबाईंनी लाल लुगड्याचा काठ टर्रकन फाडला. जुन्या जाळ्याची दोरी मांडीवर घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

“बोला सर. काई शंका हाये का?”