झाडमासा मिस्त्री

उद्यमनगरात ‘गौस मिस्त्रीचं दुकान कुठं?’ असं विचारलं तर लोक डोकं खाजवायचे. ‘झाडमासा मिस्त्री’ म्हटलं की मात्र दोघं-तिघं हातातली कामं टाकून दारापर्यंत सोडायला यायचे. नुसता पत्ता सांगून गप्प बसणं कोल्हापूरकराला जमत नाही.

गौस शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. चालू इंजिनाशेजारी बोलण्यात हयात गेल्यामुळं त्याचा आवाज असा झाला होता, की बायकोच्या कानात गुपित सांगितलं तरी पलीकडच्या लेथवरचा माणूस उत्तर द्यायचा. दुसरी खोड प्रश्नांची. इंजिन घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी गाव विचारी, मग गावची विहीर, मग विहिरीतले मासे. इंजिनाला काय झालंय, हे सगळ्यात शेवटी.

ब्याण्णव साली मालवणकडचा एक ट्रकवाला दुकानात टेकला आणि सहज म्हणाला, “आमच्या खाडीत एक मासा आसा. निवटो. चिखलात चालता आणि झाडावर चढता.”

त्या दिवशी गौसनं एका इंजिनाचं झाकण दुसऱ्याच इंजिनाला बसवलं. मग न राहवून तो समोरच्या गुंडूच्या चहाच्या गाड्यावर गेला.

“गुंड्या, मासा झाडावर चढतोय!”

“आन् आंबं उतरवतोय काय?” गुंडू म्हणाला.

गुंडूच्या गाड्यावर पडलेला शब्द उद्यमनगरभर व्हायला एक उकळी पुरायची. चहा कपात पडेपर्यंत गौसचं नाव बदललेलं होतं. ते असं चिकटलं, की पोरीच्या लग्नात वरपक्षाकडच्या एका म्हाताऱ्यानं भर मांडवात विचारलं, “झाडमासे मिस्त्री ते आपणच का?” गौसची बायको सलिमा त्या दिवशी जेवली नाही.

मग दोन हजार तीन सालच्या दिवाळीनंतर गौसला कळलं, की मालवणच्या बाजूला एका राखीव कांदळवनात माहितगार माणूस बरोबर देऊन होडीतून फिरवतात. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभं असलेलं जंगल. तो तडक गाड्यावर गेला.

“चल, दावतो. दिसला न्हाय तर दुकानाच्या पाटीवर ‘झाडमासा’ रंगवून घेतो. माज्या खर्चानं.”

“आन् दिसला तर मी त्यो कसा चढला त्ये ह्या टेलिफोनच्या खांबावर चढून दावतो,” गुंडू सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. त्याचं पोट पाहता ही पैज त्यानं फार विचार करून लावलेली नव्हती.

सलिमासकट उद्यमनगरातली ट्रॅक्स जीपभर माणसं घाट उतरून खाडीवर पोचली. माहिती सांगायला मनाली नावाची तिथलीच कॉलेजातली पोरगी होती. ओहोटी होती. चिखलातून टोकदार मुळं सरळ वर आलेली. “ही झाडाची नाकं,” मनाली म्हणाली, “ह्येच्यातून ती श्वास घेतत.” गौसचे डोळे विस्फारले. नाक वर असेल तर झाड शिंकतं का, भरतीत नाकात पाणी जात नाही का, खारं पाणी पिऊन झाडाला तहान लागते का? मनालीनं उत्तरं दिली, आणि मग चिखलाकडं बोट दाखवलं. बोटाएवढा एक मातकट मासा दोन परांवर रेटा देत चालला होता. डोळे डोक्याच्या वर, एस.टी.च्या टपावर बोचकी ठेवल्यासारखे.

“आला बगा! आला!” गौस गरजला.

मासा बिळात.

दुसरा दिसला तेव्हा गौसनं तोंडावर हात दाबला, पण मागून कुणीतरी ओरडलं, “ओ पावणं, चढा की वर! लाजताय काय?”

तोही बिळात.

“तुमच्या आवाजान होडी हादरता, काका,” मनाली रडकुंडीला आली. “चालताना दिसलो. चढताना बघूचो आसात तर आता भरती येतली, तेव्हा तो पाण्याबाहेर मुळावर चढतलो. पण गप रवाक होया.”

“चालला, त्ये मान्य,” गुंडू म्हणाला. “चढल्याबिगर पाटी चुकत न्हाय.”

पाणी हळूहळू चढू लागलं. गौस विचारात पडला. मग स्वतःचं तोंड दाबायला म्हणून त्यानं अंगातलं लाइफ जॅकेट काढायला घेतलं.

“काका, घाला ते!”

“बरं, घालतो. सलिमा, तुजी ओढणी दे.” त्यानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, परत काढला. “मला दिसला की मी वरडणारच. माजा माज्यावर इस्वास न्हाय. गुंड्या, तू बघ. लेका, काय दिसलं त्ये खरं सांग, येवढंच.”

आणि ज्या माशापायी अकरा वर्षं नाव घालवलं, त्याच्याकडं पाठ करून, बोळा परत तोंडात कोंबून गौस मिस्त्री होडीच्या तळाशी पालथा पडला.

होडीत शांतता झाली. कोल्हापूरची माणसं एकत्र असून कुणी बोलत नाही, हे पाहून सलिमालाच भीती वाटली. गौसला फक्त फळीखालचं पाणी ऐकू येत होतं. तोंडात ओढणी, पोटात प्रश्न. थोड्या वेळानं गुंडूचा हात त्याच्या पाठीवर पडला. मग तो हात दाबू लागला. मग गुंडूनं त्याचा शर्टच मुठीत धरला.

“चढला! आयला, चढला की!” गुंडू डोळे मिटून, बेंबीच्या देठापासून ओरडला.

गौस उठेपर्यंत मुळावर नुसता ओला चिखल होता.

परतीचा अख्खा घाट गौस विचारत होता. “पाय हुतं?” “पर हुतं, पण कोपरावाणी.” “घसरला?” “एकदा. मग पोटानं चिकटला.” वळणागणिक मासा वाढत गेला, राधानगरी येईपर्यंत तो गुंडूच्या मांडीएवढा झाला. सलिमा हसून म्हणाली, “ह्येंनी अकरा वर्सं न बघता सांगितलं. तुमी बघून बी खरं सांगंना.”

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरानं लेथ बंद ठेवले. गुंडू दिल्या शब्दाला जागणारा माणूस. दोन कोपरं खांबाला टेकवून, पोट चिकटवून, एकदा घसरून तो चढला. हुबेहूब, असं होडीतल्यांनी सांगितलं. गौस खांबाशी उभा राहून मान वर करून पाहत होता. राहिलेलं दर्शन त्याला हे असं घडत होतं.

वर पोचल्यावर गुंडूनं खाली पाहिलं आणि खांबाला घट्ट मिठी मारली.

“झाडमाश्या, शिडी आण की!”

“झाडमासा वर हाय,” गौस म्हणाला. “मी गौस.”

गर्दी खदखदली. गौसनं दुकानातून शिडी आणली, खांबाला टेकवली, आणि पुन्हा जरा मागं ओढली. त्याला एक गोष्ट आठवली होती.

“गुंड्या, चढला त्ये समजलं. पण उतरला कसा?”