बावड्याचा गुळव्या आणि शिरोळचं बोलावणं

...तर ऐन उकळीत पंचांनी प्रश्न विचारला, फक्रुद्दीन उत्तर द्यायला वळला आणि काहिलीतला, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईतला, उसाचा रस करपला. काल इथंच चहा आला आणि गोष्ट अर्धी राहिली.

ही गोष्ट ऐंशी-ब्याऐंशीची. फक्रुद्दीन कसबा बावड्यात भागीदारीतल्या एका गुऱ्हाळावर गुळव्या. रस कधी शिजला, काहील कधी उतरायची, शब्द त्याचा. पण भागीदारांनी निवडलेले पाच पंच वाटेल तेव्हा येऊन जाब विचारायचे, आणि तिघांचा नकार आला की गुळव्या त्याच संध्याकाळी घरी. करपलेल्या काहिलीपायी दोघं विरोधात गेले, तिघांनी वाचवला. त्याच आठवड्यात शिरोळहून बोलावणं आलं. तिथं सगळे ऊसवाले हात वर करून गुळव्या निवडत, आणि मग दोन हंगाम त्याला कुणी हलवायचं नाही.

"तात्या, कुठं जाऊ?" त्यानं मला विचारलं.

तेव्हा देशात अध्यक्षीय पद्धत आणावी का, यावर पेपरात रकानेच्या रकाने येत. मी म्हटलं, "बावडा म्हंजे आपली दिल्ली. सभागृहात बहुमत हाय तवर पंतप्रधान. शिरोळ म्हंजे अमेरिका. लोकांनी अध्यक्ष निवडला की मुदतभर त्योच."

"आन् पयल्याच म्हयन्यात बिघडला तर?"

"मोठा गुन्हा केला तरच काढायचा. न्हायतर सोसायचं."

"लई सोसत्यात की. मग समदं त्येच्याच मनासारखं?"

"न्हाय गड्या. पैसा मंजूर करतंय सभागृह. तेबी लोकांनीच निवडलेलं. त्येला अध्यक्ष घरी धाडू शकत न्हाय."

"आन् दोघांचं वाजलं तर?"

"कारभार अडून बसतोय."

चुलीपुढून त्याची बायको लालबी म्हणाली, "मग आमच्या घरात अमेरिकाच हाय की."

रविवारी शिरोळची माणसं आली. फक्रुद्दीननं त्यांना खोदून खोदून विचारलं. तेव्हा कळलं, चुलवाणात जाळायचं चिपाड, म्हणजे पिळलेल्या उसाचा चोथा, तिथं दुसराच माणूस देतो. तोही दोन हंगामांसाठी, हात वर करूनच निवडलेला.

"मग येताय न्हवं, फक्रुद्दीनभाई?" त्यांनी विचारलं. तो काय म्हणाला, ते जसंच्या तसं सांगतो:

"येतो की, पावणं. दोन हंगाम मला कुणी काढत न्हाय, ब्येस हाय. पर चिपाडवाल्यालाबी कुणी काढत न्हाय म्हणता. जाळ त्येच्या हातात, काहील माझ्या. उद्या त्येला हिकडं घिऊन या. च्या पिऊन बघतो, आमचं दोघांचं पटतंय का."