‘आत्म्याचा धूर’ आणि काकांचा मका

आमच्या रॉक बँडचा दुसरा अल्बम आध्यात्मिक निघाला आणि त्यात सोनाळ्याच्या काकांचा अर्धा मका गेला.

बँड म्हणजे गायक मी, गिटारवर काकांचा पोरगा विक्या (शिकायच्या नावाखाली नांदुऱ्याला आमच्याकडे राहायचा) आणि ड्रमवर त्या आठवड्यात जो कोणी रिकामटेकडा सापडेल तो. पहिल्या अल्बमचं नाव ‘राख’. त्यात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता बोंबललो होतो. कशावर एवढा रागावलो होतो ते आता आठवत नाही (तेव्हाही नीट माहीत नव्हतं). नातेवाइकांनी तो ऐकला नाही, मित्रांनी ऐकल्याचं खोटं सांगितलं. एकट्या काकांनी मात्र स्वतःहून मागून घेतला!

मी हुरळलो. मग कळलं की काकांनी तो शेतातल्या भोंग्यात भरलाय. सोनाळ्याकडे रानडुकरांचा ताप फार. मक्याची कणसं भरली की एक तर रात्रभर जागल करायची, नाहीतर बॅटरीवरचा भोंगा लावून त्यात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके असलं काहीबाही वाजवत ठेवायचं. काकांच्या डुकरांना कुत्र्यांची सवय झाली होती. माझी झाली नाही. ‘राख’ लागल्यापासून एकही डुक्कर बांध ओलांडून आत आलं नाही.

“पोट्ट्या, तुह्या गळ्यात काहीतरी हाय बरं!” काका फोनवर म्हणाले. मी याला कौतुक समजलो.

इकडे विक्याला साक्षात्कार झाला. मोबाइलचा रिचार्ज संपला होता, बापाने भरून दिला नव्हता. त्या रिकाम्या वेळात त्याला जगाची नश्वरता समजली. पांढरा कुर्ता घालून माझ्यासमोर येऊन बसला.

“आता बोंबलणं बंद. दुसरा अल्बम आत्म्यावर.”

“आपल्याले आत्म्यातलं काय समजते बे?”

“म्हणूनच तं शोध घेऊन राह्यलो ना!”

शोध घेतला. नाव ठेवलं ‘आत्म्याचा धूर’! बासरी मोबाइलमधली, घंटा आईच्या देवघरातली, शब्द माझे. ‘अनंत’, ‘प्रवास’ आणि ‘तू’ एवढ्यावर सगळी गाणी भागवली. जिथे काहीच सुचलं नाही तिथे मी नुसतं ‘हंऽऽ’ केलं, त्याला विक्याने ध्यान म्हटलं. इतकं भोंदू काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

आता ऐकवायचं कुणाला? इंटरनेटवर ऐकणारे आम्ही दोघेच. तेव्हा मला ती दिव्य कल्पना सुचली. काकांचा भोंगा! आवाज थेट गावापर्यंत जातो, म्हणजे आयते श्रोते! आम्ही सोनाळ्याला गेलो आणि संध्याकाळी काकांना न विचारता भोंग्यातलं मेमरी कार्ड बदललं. काका बिचारे भोंग्याच्या भरवशावर घरी निवांत झोपले.

सकाळी त्यांच्या ओरडण्यानेच आम्हाला जाग आली.

“काऊन बे! काय भरलं तुमी त्या भोंग्यात?”

शेतात जाऊन पाहतो तर ओढ्याकडचा सगळा मका आडवा, कणसं फस्त. आणि ऐन भोंग्याखालच्या ओल्या मातीत मोठमोठ्या अंगांचे खड्डे. डुकरं नुसती जेवून गेली नव्हती, तिथंच लोळून झोपलीही होती!

“पेरणीपासून राबलो रे पोराहो,” म्हणत काकू बांधावरच बसल्या आणि डोळ्याला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विक्याचा चेहरा मात्र उजळला.

“बाबा, रानटी जनावरायले शांती भेटली! हे काय साधं हाय का?”

काकांनी पायातली चप्पल काढली. विक्याचा अनंताकडचा प्रवास ओढ्याच्या दिशेने सुरू झाला.

दम लागल्यावर काका थांबले. “अर्धा मका उभा हाय अजून. पण डुकरायले आता चटक लागली, ते भोंग्याले भेणार नाहीत. तुमीच बसा मचाणावर, तोडणी होईलोक. अन् ते आत्म्याचं काढलं तोंडातून, तं पाहून घेईन!”

बसलो. अंधार पडला की मी ‘राख’ गायचो. या खेपेला कशावर रागावलोय ते पक्कं माहीत होतं. विक्या शेजारीच कुर्ता खाजवत गिटार वाजवत बसलेला असायचा. उरलेल्या मक्याचं एकही कणीस गेलं नाही. तोडणीच्या दिवशी काकांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा मला खरंच भरून आलं.

तेवढ्यात शेजारच्या वावराचे मालक आले. “आमचा मका उशिराचा हाय. पोरगं मोकळं झालं असन तं आमच्याकडं पाठवता का?”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून आमचा कार्यक्रम मागत होतं! मी कॉलर ताठ केली. “पूर्ण बँड येईन, काका. गिटार, ड्रम, सगळं!”

“नाही नाही, वाजवणारे कायले?” ते घाईघाईने म्हणाले. “गिटार वाजली की डुकरं थबकतात, ऐकत राह्यतात. तू एकटाच ये!”