इन्ताची शून्यं

उत्तर थायलंडातल्या आमच्या फयाओकडच्या गावात इन्ता बावीस वर्षं आरोग्यसेवक होता, म्हणजे बावीस वर्षं त्यानं सेवकाची बंडी घातली. सेवा कुणाची केली ते मला विचारू नका. मी इथल्या आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि त्याचे कागद दर सोमवारी माझ्याच टेबलावर येत.

देशात अन्नातून किती लोक आजारी पडतात याचा अंदाज बँकॉकचे लोक बांधत होते. निवडलेल्या गावांत आमचंही गाव होतं. इन्तानं दर आठवड्याला चौदा घरी जायचं, जुलाब, उलट्या, ताप कुणाला आहे का विचारायचं आणि आकडा लिहायचा, एवढंच काम. दवाखान्यात न येणारे पुष्कळ, म्हणून बँकॉकवाले एका नोंदीमागे तीस माणसं धरणार होते. हा गडी खांबांवर उभ्या आपल्याच घराखाली फळीवर पाय पसरून चिकट भाताचे गोळे मटकावत बसायचा आणि चौदाही घरांपुढे शून्य घालायचा. शून्याला तिसानं गुणून काय हाती लागणार? मी दोनदा कागद परत केले. वरून निरोप आला, आकडा आहे ना, मग पाठवा. या शून्यांच्या जोरावर गावाला ‘निरोगी गाव’ अशी पाटी मिळाली. तिच्याशेजारी फोटो काढताना इन्तानं पोट आत घेतलं होतं.

एप्रिलमध्ये त्याच्या पुतण्याच्या भिक्खू-दीक्षेचं जेवण झालं. लू, म्हणजे डुकराच्या कच्च्या रक्तात कालवलेला कच्चा खिमा, इन्तानं स्वतः केला. मी शिजवा म्हणाले, तर चारचौघांत म्हणाला, "शिजवलेलं बाळंतिणीला घाला." सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको बुआफान तापानं फणफणली, डोकं धरून कण्हू लागली. शुक्रवारी पाटीची फेरतपासणी होती. यानं तिला माडीवर निजवून खिडकी लावून घेतली आणि ती माहेरी गेलीय असं मला सांगितलं. तपासणीवाले चहा पिऊन गेले. शनिवारी शेजारीण धावत आली, तेव्हा मी बुआफानला गाडीत घालून जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. कच्च्या डुकरातला जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय, दोन दिवस आधी आणलं असतं तर कदाचित कान वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. ती जगली, पण ठार बहिरी झाली. बाजारात भाजी विकते, आता गिऱ्हाइकं तिला बोटांनी भाव विचारतात.

मला त्या माणसाची किळस आली, अजून येते. तरी वाटलं, निदान आता तरी हा खरं लिहील. बायको घरी आल्यावर तो साचलेले कागद घेऊन आला. तापाच्या आठवड्याचा कागद मी वर काढला. चौदा घरं, चौदा शून्यं. चौदावं घर त्याचं स्वतःचं.

"यात बुआफान कुठाय?" मी विचारलं.

"ती आता बरी आहे की, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "ताप उतरला. नुसतं ऐकू येत नाही."