तगलेली बदकं

टेम्पोत पिंजरे चढत होते आणि मी टेम्पोसमोर उभी होते. "आधी खाली उतरवा," मी ओरडले. यासीनभाईंनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

मी सरकारी पशुवैद्यक. कराडजवळच्या या गावात यासीनभाईंची गावरान कोंबड्यांची शेड. कोंबड्या पटापट मरताहेत, असा त्यांचाच फोन आला होता. मी पोचले तर मेलेल्या एका कोपऱ्यात आणि चांगल्या दिसणाऱ्या टेम्पोत. त्या माण तालुक्यात, यासीनभाईंच्या लेकीकडे, नसीमकडे निघाल्या होत्या. आपल्याकडे ही पद्धतच आहे, घरात रोग शिरला की चांगली जितराबं पाहुण्यांकडे नेऊन ठेवायची. नसीमचा नवरा मुंबईला. तिचं घर तिच्या स्वतःच्या कोंबड्यांवर चालतं.

"मानमोडी असंल, मॅडम. लस ऱ्हायली आवंदा." मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा नेहमीचा रोग.

मी संरक्षक किट चढवून एक मेलेली कोंबडी उचलली. तुरा निळा-जांभळा, तोंड सुजलेलं, पायांवर रक्ताचे डाग. लॅबशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण शंका बोलून दाखवणं भाग होतं.

"बर्ड फ्लू असू शकतो."

"मग ती बगा की!" त्यांनी शेततळ्याकडे हात केला. शेवाळ खायला आणलेली बदकं मजेत पोहत होती. "शेडला त्येच पानी जातंय. त्यास्नी काय झालंय?"

त्या बदकांमुळेच मी जास्त घाबरले. साधा बर्ड फ्लू श्वासनलिकेत आणि आतड्यात अडकून राहतो, कारण त्या विषाणूला पसरायला लागणारं एन्झाइम तिथंच मिळतं. जहाल प्रकाराचं काम शरीरात सगळीकडे सापडणाऱ्या एन्झाइमवर भागतं. मग तो मेंदू सोडत नाही की हृदय. नेमक्या अँटिबॉडी तयार होण्याआधीच कोंबडी मरते. वर तिची प्रतिकारशक्तीच असा धिंगाणा घालते, की अंगभर सूज येते आणि रक्तवाहिन्या पाझरू लागतात. बदकाच्या पेशीत मात्र असा विषाणू चटकन ओळखणारं एक प्रथिन असतं. कोंबडीत ते नसतंच. म्हणून बदक बऱ्याचदा तगतं आणि विष्ठेतून विषाणू पाण्यात सोडत राहतं.

मी जिल्हा कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला.

"सॅम्पल काढा. एकही पक्षी बाहेर जाता कामा नये."

"टेम्पो भरलाय, सर."

"मग टेम्पोसमोरून हलू नका."

यासीनभाई काकुळतीला आले. "आवं, पर ह्या खात्यात, पित्यात!"

"आज खातायत. उद्या नसीमच्या शेडमध्ये मरतील. मग तिच्याही मरतील."

त्यांनी फोन काढला. "नसीम, कोंबड्या येत न्हाईत. मीबी येत न्हाई. मी सांगस्तोवर तू हिकडं फिरकू नगंस." आणि पहिला पिंजरा त्यांनी स्वतः उतरवला.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नियमाप्रमाणे सगळे पक्षी मारून पुरावे लागतात. शेड रिकामी झाली, शेवटी तळ्यातली बदकं उरली.

"ही तर जगली की, मॅडम," यासीनभाई म्हणाले.

"म्हणूनच," मी म्हणाले. इतकं वाईट मला नोकरीत क्वचितच वाटलं असेल.

नसीमच्या कोंबड्यांना काही झालं नाही. पक्षी पाळण्यावरची बंदी उठल्यावर यासीनभाईंच्या शेडमध्ये पहिली पिल्लं तिच्याकडूनच आली. रानपक्षी उतरू नयेत म्हणून तळ्यावर आता जाळी आहे. आणि मी हल्ली तपासणीत कुठल्याच पक्ष्यापुढे 'निरोगी' लिहीत नाही. 'अद्याप लक्षणं नाहीत' असं लिहिते.